रविवारचे मुद्दे

राजापेठच्या अभ्यासिकेत वर्षालीला एकाच गोष्टीचा वैताग होता. परतवाड्याहून बाबांचा फोन दिवसातून चारदा यायचा आणि वाचलेलं सगळं विस्कटून जायचं. शेवटी तिनं ठरवून टाकलं, फोन फक्त रविवारी सकाळी, दहा मिनिटं.

"बाबा, काय सांगाचं ते लिहून ठेवत जा. महत्त्वाचं पहिले सांगा, बाकीचं वेळ उरला तर."

"बरं माय," पंजाबराव म्हणाले. "तुया अभ्यास मोडाले नाई पायजे."

आणि खरंच, जन्मभर फुलं विकताना गिऱ्हाईकाशी तासभर बोलणारा तो माणूस बरोबर दहाव्या मिनिटाला फोन ठेवायला लागला. वर्षालीचा अभ्यास वेळेवर होऊ लागला. हा उपाय ती मैत्रिणींनाही सांगायची.

दिवाळीच्या तोंडावर, एका गुरुवारी, पंजाबराव शेवंती तोडता तोडता वावरातच कोसळले. उठलेच नाहीत.

तेरवी झाल्यावर वर्षालीनं परतवाड्याच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. गेल्या सहा रविवारांच्या चौकटींत बाबांनी पेन्सिलनं, मुंगीएवढ्या अक्षरात मुद्दे लिहिले होते. जेवते का बराबर. शेवंतीले कळ्या आल्या. फराळाचं कोणासंग पाठवू. सांगून झालेल्या प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण होती.

 

शेवटचा मुद्दा मात्र सहाही रविवारी तोच होता, खुणेशिवाय: "छातीत दुखते. वेळ उरला तर."