दादासाहेबांच्या हातचं कुलूप

"आता ही तार कशाला गं, बायना?" हेडमास्तर बसप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शाळेची शिपाई बायनाबाई पिवळ्या भिंतीतल्या खिडकीशी उकिडवी बसली होती. तिनं पोलादी तार गजाभोवती घातली, कुलूप असलेलं टोक दुसऱ्या टोकाच्या फासातून ओवलं आणि जोर लावून ओढलं. खिडकी खडखडली. तार तशीच राहिली.

"लॅपटॉप बांधायला, सर. म्हाळू पुण्याला कंपनीत वॉचमन हाय न्हवं, माझा भाचा? तितं सायबांचे लॅपटॉप असेच टेबलाला बांधलेले असत्यात. त्यानंच धाडली."

"दादासाहेबांना वाईट वाटंल. त्यांनी द्यायचा, आणि आपण बांधायचा?"

"पोरींच्या वस्तूला कुलूप लावलं तर त्येंना वाईट का म्हून वाटंल?"

बसप्पांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि या चार महिन्यांत त्यांना कुणालाच वाईट वाटू द्यायचं नव्हतं.

गेल्या श्रावणात याच खोलीत पुढारी दादासाहेबांनी दिलेल्या तीन शिलाई मशिनी आल्या होत्या. हार, नारळ, भाषण, फोटो. जीपमधून उतरवताना एक मशीन बायनाबाईच्या हातून निसटली, तिच्या फळीचा कोपरा उडाला, म्हणून तिनं शिव्याही खाल्ल्या. संध्याकाळी ती झाडायला आली तर दाराचं कुलूप शाबूत आणि खोली मोकळी. किल्ल्या दोनच. एक तिच्याकडं, दुसरी हेडमास्तरांच्या खणात. हेडमास्तरांवर संशय घ्यायची छाती कुणाला? झाडूवालीवर घ्यायला छाती लागत नाही. बसप्पांनी मान खाली घालून पंचनाम्यावर सही केली. दोन दिवस चौकीत बसून बायनाबाई घरी आली. पुरावा मिळाला नाही म्हणून नोकरी राहिली, नाव राहिलं नाही. तोंडावर मावशी म्हणणाऱ्या बाया पाठीमागं तिला मशीनचोर म्हणायला लागल्या.

दिवाळीत फरसाणाच्या पुडीला पेपरचा एक तुकडा आला. त्यात फोटो होता. गळ्यात हार घातलेले दादासाहेब, मागं निळी भिंत, पुढं शिलाई मशीन, तिच्या फळीचा एक कोपरा उडालेला. बायनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तेल टिपलं, घडी घातली आणि तुकडा बटव्यात ठेवला. आपलीच बदनामी जपून ठेवते म्हणून सून हसली.

"ह्या बारीला काय गेलं ना, तर मी तुला वाचवू शकणार नाही," बसप्पा म्हणाले. "नोकरी जाईल, आणि थेट जेल."

"मागच्या बारीला कुटं वाचवलंत?"

दहा वाजता सुंदरराव आला. दादासाहेबांच्या जीपमधली माणसं, हार, नारळ, सगळं तोच सांभाळायचा. त्यानं खोक्यातून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. ते नव्याण्णव साल. साठ पोरींनी एकदम माना उंचावल्या.

बायनाबाईनं पदरानं लॅपटॉप पुसला. झाकणाच्या सांध्यात वाळलेलं कुंकू होतं. बटनांच्या मधी तांदळाचा एक दाणा अडकला होता.

"नवा म्हनं ना, सुंदरराव? पूजा झालेली दिसती."

"दादासाहेबांच्या घरी झाली. तुला काय करायचंय? तू फक्त हात लावू नको. तुझ्या हाताला वस्तू चिकटत्यात."

दारात जमलेल्या पोरींच्या आया हसल्या. बायनाबाईही हसली. केसातला आकडा काढून तिनं दाणा अलगद उकरला आणि पदराच्या गाठीत बांधला.

अकराला दादासाहेब विजयसिंह फोटोवाल्यासकट आले. लॅपटॉपला पुन्हा कुंकू लागलं, पुन्हा अक्षता पडल्या. तेवढ्यात बायनाबाई तारेच्या टोकाचं कुलूप घेऊन पुढं झाली. बसप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"दादासाहेब, मागं चोरी झालती. आळ माज्यावर आला. आता तुमच्याच हातानं कुलूप लागू द्या. मंग कोन हात लावतंय बघू."

सुंदरराव पुढं सरकला, पण फोटोवाल्यानं कॅमेरा आधीच डोळ्याला लावला होता. आणि कॅमेरा दिसला की दादासाहेब समोर येईल ते कापायचे, फोडायचे, उघडायचे. त्यांनी कुलूप लॅपटॉपच्या कडेच्या बारीक खाचेत बसवलं आणि किल्ली फिरवली. फ्लॅश उडाला.

"शाब्बास," ते म्हणाले. "ही झाली निष्ठा. माझ्या लेकींच्या ज्ञानाला जो हात लावील, त्याला मी सोडणार नाही. मग तो कितीका जवळचा असंना."

टाळ्या लई वाजल्या. किल्ली त्यांनी बायनाबाईच्या तळहातावर ठेवली, त्याचाही फोटो निघाला. मग दादासाहेब सरपंचाच्या घरी जेवायला गेले. फोटोवालाही मागोमाग गेला.

पोरी हलल्या नाहीत. लॅपटॉप चालू करून दाखवणार हायेत असं सांगून बायनाबाईनं त्यांना बसवून ठेवलं होतं, त्यांच्या आयांनाही. बसप्पा टेबलावरचा हार उगाच नीट करत होते. खिडकीकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

सुंदरराव रिकामं खोकं घेऊन आत आला. बायाबापड्यांकडं बघायची त्याला गरज वाटली नाही. सवयीच्या हातानं त्यानं झाकण मिटलं, कुंकू पुसलं, लॅपटॉप उचलला.

तार ताठ झाली. खिडकी खडखडली.

"ए बायने, दे ती किल्ली," सुंदरराव वैतागून म्हणाला. "चारला पाटोद्याच्या शाळेला द्यायचाय ह्यो."

बायनाबाईनं दाराला आतून कडी घातली आणि ती बसप्पांकडं वळली.

"सर, चोर सापडलाय. पंचनाम्याचा कागद काढा. आन् सही करताना ह्या बारीला मान वर ठेवा."