भटक्याचे मार्क

शेवटच्या संध्याकाळीही बाबा माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावत होते. सहावीच्या मुलांनी टोपणनावं घेऊन ऑनलाइन नकाशावर शाळेच्या परिसराची माहिती भरली होती.

“मास्तरीणबाई, हा ‘भटक्या’ बघा! कुठला कुत्रा चावतो, कुठल्या आजींकडे दोनदा बेल वाजवायची, सगळं ठाऊक आहे पोराला. किती मार्क?”

“भोपळा. नकाशा भरायला सांगितलाय, गावगप्पा नाहीत.”

“कडक आहात बुवा!” तीस वर्षं याच गल्ल्यांत टपाल वाटलेले बाबा हिरमुसून झोपायला गेले, ते सकाळी उठलेच नाहीत.

पंधरवड्यानंतर वर्गात विचारलं, “भटक्या कोण?” एकही हात वर आला नाही. घरी बाबांचा फोन उघडला, तर नकाशावर त्यांचं लॉगिन त्याच टोपणनावानं.



“बाबा, चुकलं माझं,” मी मोठ्यानं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.