डावखुरी गाठ

"ओढू नको गो. गोबरो मासो खडकात शिरलो. दोरी सैल सोड, आपसूक भायर येतलो," जेट्टीवर शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

मी दोरी सोडली. होडी उलटल्यापासून नवऱ्याचा पत्ता नव्हता. उद्या त्याचे दिवस घालायचं ठरलं होतं.

दोरी हलकी लागली म्हणून वर घेतली. मासा नव्हता. सकाळी मी मारलेली बावळट गाठही नव्हती. गळ नव्याने बांधलेला होता, उलट्या पिळाने, जसा माझा डावखुरा नवराच बांधायचा.

सासूबाईंनी गाठ चाचपली आणि कित्येक दिवसांनी हसल्या. "माझो झील जित्तो आसा! भटजीक सांग, उद्या येव नको."

"सांगतंय," मी म्हटलं. गाठ पाण्याखालून आली होती, एवढं काही मला त्यांना सांगवेना.