सराफ्यातली अन्नपूर्णा

"ती पेइंग गेस्ट होती," विहंग म्हणाला. "बाकी काही नाही."

मधुवंतीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आठ वर्षं शेजारी झोपलेला माणूस असं बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडाकडे काय बघायचं?

कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातली खोली. टेबलाच्या एका बाजूला मधुवंती एकटी. समोर विहंग आणि त्याची आई, वनमालाबाई. मध्ये मध्यस्थ वकील शालिनीताई.

विहंगला आता दुसरीकडे रीतसर लग्न करायचं होतं. म्हणून मधुवंती एका संध्याकाळी सराफ्यातून परतली, तर हरिशंकरपुरमच्या घराच्या दाराचं लॅच बदललेलं. बाहेरच्या खोलीतलं तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिकही आतच राहिलं. डोक्यावरचं छप्पर आणि पोट, दोन्ही एका लॅचमध्ये अडकलं. वनमालाबाई तेव्हा घरातच होत्या. बेल वाजत राहिली. त्या उठल्या नाहीत.

"पेइंग गेस्टकडून गणपतीचा नैवेद्य रांधून घेता तुम्ही?" शालिनीताईंनी विचारलं.

"ती हौस होती तिची."

"हौस!" मधुवंती म्हणाली. "पुरण वाटून हात सुजायचे माझे. तेव्हा म्हणायचास, आमची बायको सुगरण आहे."

"बोलण्यात येतं माणसाच्या."

"हे बघा," शालिनीताई म्हणाल्या, "लग्न झालेलं नसलं, तरी दोघं नवरा-बायकोसारखी राहिली, लोकांनी तसंच मानलं, तर बाईला असं घराबाहेर काढता येत नाही. कायदा आहे. प्रश्न एवढाच, घरच्यांनी हिला काय मानलं?"

"तेच तर! आईला विचारा ना." विहंग खुशीत होता. आईला त्यानेच आणलं होतं, रस्ताभर पढवत.

मधुवंतीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आत अंगठ्याएवढी चांदीची अन्नपूर्णा. त्या दिवशी ती सराफ्यातून उजळून आणली होती, म्हणून तेवढीच बाहेर राहिली.

"आईंनी दिली. देवघरात माझ्या हातून बसवून घेतली. सून आली म्हणाल्या."

विहंग हसला. "ताई, तुम्ही आपल्या मराठी लोकांतल्या. अन्नपूर्णा देते कोण? मुलीची आई, लग्नात. नवरी माहेराहून घेऊन येते. ही आईने दुकानातून आणली. बाज़ार से मूर्ती लाने से कोई बहू बन जाती है क्या?"

शालिनीताईंचं पेन थांबलं.

"फोटो नाही, पत्रिका नाही," विहंग आणखी चेव येऊन बोलू लागला. "आईबाबांच्या लग्नाचे फोटो तरी दौलतगंजचं घर बदलताना हरवले. हिचे तर काढलेच नाहीत! आमच्या घरात बायको म्हणजे माझ्या आईसारखी. रीतीने आलेली."

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"आईच्या. बाबांनी जाण्याआधीच करून ठेवलं. काका लोक आईला राहू देणार नाहीत, म्हणायचे. वहम होता त्यांचा."

वनमालाबाई इतका वेळ चष्मा पुसत होत्या.

"वनमालाबाई, तुम्ही सांगा," शालिनीताई म्हणाल्या. "दुकानातून आणलेल्या अन्नपूर्णेने कुणी सून होते?"

"सांग ना आई. घाबरतेस काय?"

"घाबरतच आले रे आजवर. बेल वाजत होती, तेव्हाही."

त्यांनी चष्मा घातला. अन्नपूर्णा उचलून पदराने पुसली आणि मधुवंतीच्या ओंजळीत ठेवली. मग कनवटीची नव्या लॅचची किल्ली काढून तिच्या शेजारी ठेवली.

"आई, हे काय चाललंय?"

"माझीही अन्नपूर्णा त्याच दुकानातली आहे, विहंग," वनमालाबाई म्हणाल्या. "आणि फोटो हरवले नाहीत. तुझ्या बाबांनी आणि मी लग्न केलंच नव्हतं."