बारावा वाफा

मनकर्णाबाईंनी पेन्सिल आरजू सिस्टरच्या हातात परत दिली.

“घे बाई. आजचं शेवटचं. पुढच्या खेपेले मी येत नाई.”

डाव्या हातात डायलिसिसच्या सुया, शेजारी यंत्र सुरू, आणि बाई मात्र एस.टी.तून मधेच उतरून जावं तशा गोष्टी करत होत्या.

वलगावची ही बाई. तीस वर्षं भाजीची वाडी केलेली. किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा अमरावतीला यायचं आणि चार तास पडून राहायचं. सुरुवातीला सुई दिसली की छाती धडधडायची, बीपी चढायचा. मग दीड महिन्यापूर्वी आरजूनंच वही दिली. “काकू, काई बी काढा. पण हळू. एका रेघेले चार श्वास लागले पाह्यजे.”

मनकर्णाबाईंना चित्र कुठलं येतंय! त्यांना वाफे येत होते. म्हणून त्यांनी आपली वाडीच काढायला घेतली. एका खेपेला एक वाफा. मेथीचं पान न् पान, वांग्याच्या दोन रोपांतलं अंतर, पाण्याचा दांड. रेघ ओढता ओढता धडधड थांबायची. एकदाच पायात गोळा आला, पेन्सिल घसरली आणि चौथ्या वाफ्याचा दांड वाकडा गेला. खोडरबर नव्हतं. राहिला तसाच.

असे अकरा वाफे झाले. शेखर, त्यांचा ऑटो चालवणारा मुलगा, घ्यायला आला की त्या वाफा कशाचा ते सांगायच्या आणि तो कागद फाडून खिशात घालायचा. मुलखाचा अबोल. वाडीचं विचारलं तर “हाय तशी हाय,” एवढंच. मेथी कोणती, पालक कोणता, हे त्याला ताटात आल्यावर कळायचं. तेव्हा वाडी पडीक पडली, हे बाईंनी मनाशी धरलंच होतं. सहा महिने त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या.

“कागदावर भाजी लावून काय फायदा?” त्या आरजूला म्हणाल्या. “माह्यापायी वाडी गेली, पोराचा धंदा बसला. पुरे झालं आता.”

वेळेच्या दीड तास आधीच शेखर आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आरजूनं त्याला दारातच अडवलं. तिथूनच त्यानं कोरं पान पाहिलं.

“मिरचीचा वाफा नाई काढला, माय? तूच तं म्हणली होती, बाराव्यात मिरची.”

“नाई काढला. कावून काढू?”

शेखर चिडलाच.

“कावून म्हंजे? रोपं दोन दिवसांपासून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली हायेत! अकरा वाफे लावले तुह्या कागदावरून. चौथ्याचा दांड तू वाकडा काढला, मी वाकडाच पाडला. पाणीच चढत नाई त्यात!”

मनकर्णाबाई त्याच्या पायांवरच्या चिखलाकडे पाहत राहिल्या. आपल्या वाडीची माती त्यांनी लगेच ओळखली. त्यांना हसू आलं, रडू आलं, आणि देवाचे, या पोरीचे, या येड्या पोराचे किती उपकार मानावेत ते कळेना. त्यांनी उजवा हात आरजूपुढे केला. आरजूनं त्यावर पेन्सिल ठेवली.

“सावकाश काढ, माय,” शेखर दारातून म्हणाला. “पण सरळ काढ.”