मागचं तोंड

व्याघ्रसंवर्धनाच्या सरकारी निधीतून टिपेश्वर अभयारण्यालगतच्या गावांत हसरे प्लास्टिकचे मुखवटे वाटले. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून डोक्याच्या मागं बांधायचे. तुळसाबाईनं बांधला; तिच्या सुनेनं, प्रियंकानं, मात्र पिशवीत कोंबला. कापूस वेचायला जाताना पुढे सासू, मागं सून. “आत्या, हे तोंड बरं, हासते तरी.” “चाल मुकाट्यानं.” नाल्यापाशी पाखरं एकाएकी गप्प झाली. “मांगं पाहू नको. थांबू नको,” पुढून आवाज आला. प्रियंका मान न वळवता चालत राहिली. शेतातल्या बायका दिसल्यावर तिनं विचारलं, “न पाहता तुमाले कसं समजलं?” “काय?” “मांगं पाहू नको म्हणलं ना.” “मी तं तोंडच नाही उघडलं.” प्रियंका वळली. धुळीत तिच्या पावलांवर वाघाचे पंजे उमटले होते. संध्याकाळची वाट तीच होती. तिनं पिशवीतला मुखवटा काढला. त्याचे हसरे ओठ आता घट्ट मिटलेले होते.