न घसरणारं इंजिन

दुकानदाराने काउंटरच्या काचेवर खेळण्यातली दोन छोटी वाफेची इंजिनं ठेवली. एक दहा चाकांचं, मागे कोळशाचा डबा, मोठं ऐटबाज. दुसरं सहा चाकांचं, बुटकं, जेमतेम अंगठ्याएवढं.

“काका, मोठंच घ्या. वर्षभर याच्यासाठी माझं डोकं खाल्लंत!”

“कमी कोणतं घसरतं?”

“बुटकं. तुमच्या टेबलावरच्या रुळांच्या वळणांवर मोठं जरा नखरे करणार. पण घसरलं तर घसरलं! काकू आहेत की उचलून ठेवायला.”

काकांचा हात कापायला लागल्यापासून ते काम काकूंचंच होतं. “सत्तरी आली, पण खेळणी काही सुटेनात!” असं म्हणत त्या एकेक चाक रुळावर बसवून द्यायच्या. त्यांना जाऊन महिना झाला होता. दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं आणि काकांच्या तोंडून निघेना.

“बुटकंच दे. अजिबात घसरता कामा नये.”

“माझ्यावर सोडा. हे नाही घसरायचं.”

घरी येऊन काकांनी रुळांवरची धूळ पुसली, रुळांच्या विजेचं बटण दाबलं आणि खोक्यातून इंजिन काढलं. पुढची चाकं रुळावर बसली की मागची उतरत. मागची बसवावीत, तर पुढची खाली. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून पाहिलं, तर दोन्ही हात कापू लागले. दिवस मावळला तरी काका टेबलावर वाकलेलेच होते.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. घसरायला इंजिन आधी रुळावर असावं लागतं.